कणकेनं सील केलेल्या डब्यात आकाशातले कण कसे बघायचे

भाचीच्या शाळेत सायन्स एक्झिबिशन होतं, आणि ज्वालामुखी नि पवनचक्की सोडून दुसरं काहीतरी कर की म्हणून मीच तिला नादाला लावलं, मग निस्तरायची वेळपण माझ्यावरच आली. केलं काय, तर विल्सनचा ढगाचा डबा, म्हणजे क्लाउड चेंबर, ज्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांची वाट ढगाच्या धाग्यासारखी उमटते. दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला. तुमचा पहिल्याच खेपेला जमावा म्हणून हे लिहितोय.

आधी हा विल्सन कोण ते थोडक्यात, कारण एक्झिबिशनला परीक्षक हमखास तेच विचारतात. चार्ल्स थॉमसन रीस विल्सन, जन्म 1869, स्कॉटलंडमधल्या मेंढपाळ शेतकऱ्याचा पोरगा. चार वर्षांचा असताना वडील गेले, आई पोरांना घेऊन मँचेस्टरला आली. पुढं केंब्रिज, मधे काही दिवस ब्रॅडफर्डला मास्तरकी. 1894 च्या सप्टेंबरात बेन नेव्हिस नावाच्या डोंगरावरच्या वेधशाळेत दोन आठवड्यांच्या बदली ड्युटीवर गेला आणि तिथं धुक्यावर पडलेल्या सावलीभोवती रंगीत कडी बघून येडाच झाला. आपल्याकडं बेळगावजवळच्या राजहंसगडावर धुक्याच्या सकाळी सूर्य पाठीमागं आणि धुकं समोर खाली असेल तर तसली कडी दिसू शकतात, नशीब पाहिजे. तर ते रंग लॅबमध्ये परत काढायचे म्हणून 1895 मध्ये तो काचेच्या भांड्यात ढग करायला लागला. बस, एवढंच डोक्यात होतं. अणू, कण, नोबेल काही नाही.

तुम्हीपण तिथूनच सुरू करा, थेट डब्यावर उडी नको. पातळ प्लॅस्टिकची लिटरची बाटली घ्या, दोन चमचे कोमट पाणी घाला, टोपण घट्ट लावा, दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि झटकन सोडा. फारसं काही होणार नाही. आता काडी पेटवून विझवा, तिचा थोडा धूर बाटलीत घ्या, टोपण लावा, परत दाबून सोडा. पांढरा ढग! दाबला की गायब, सोडला की हजर. सोडल्यावर आतली हवा पसरते, पसरली की गार होते, आणि वाफेला थेंब व्हायला बूड लागतं, ते धुराचे कण देतात. विल्सननं काय केलं, सगळी धूळ काढून टाकली, परत परत ढग करून थेंबांबरोबर धूळ खाली बसवायची असं करून, तरीपण हवा सव्वापट पसरवली की थोडे थेंब येतच होते. धूळच नाही तर थेंब बसतो कशावर? 1896 मध्ये त्यानं भांड्यावर एक्स-रे सोडले, दाट धुकं झालं. म्हणजे विजेचा भार आलेले रेणू, आयन, हेच बूड. मग एकटा कण हवेतून गेला तर त्याच्या वाटेवर आयन, आयनवर थेंब, म्हणजे कण न दिसताच त्याची वाट दिसणार. हे दिसायला 1911 उजाडलं, काचकाम सगळं स्वतः फुंकून करायचा, फुटलं की परत. 1927 चं नोबेल, आर्थर कॉम्प्टनबरोबर वाटून.

आता डबा. विल्सनच्या यंत्रात हवा झटक्यात पसरवावी लागायची, क्षणभर दिसायचं आणि संपलं. आपण करायचा तो नंतरच्या लोकांनी सोपा केलेला प्रकार, सतत चालतो.

सामान: छोटा काचेचा फिश टँक, फेल्टचं कापड, पातळ पत्र्याचा काळा रंगवलेला ट्रे, थर्माकोलची पेटी, एलईडी टॉर्च, 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोनेक किलो ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. अल्कोहोल लॅबचं केमिकल मिळतं तिथं मागा आणि लेबल स्वतः वाचा. पहिल्यांदा मला दुकानदारानं "तेच आहे की ओ" म्हणून 70 टक्क्यांचं दिलं, त्यात पाणी, तासभर नुसतं बघत बसलो. सॅनिटायझर तर नकोच. ड्राय आइस कुठं मिळणार म्हणून सगळेच अडतात, तर लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला पायाशी धूर सोडतात ना, त्या डेकोरेशनवाल्याला विचारा. लग्नसराईत आदल्या दिवशी सांगून ठेवा.

फेल्ट टँकच्या तळाला आतून घट्ट बसवा, अल्कोहोलनं भिजवा, पण थेंब गळता कामा नये. टँक उलटा करून काळ्या ट्रेवर ठेवा, म्हणजे फेल्ट वर, पत्रा खाली. कडेनं हवा जाता कामा नये, आणि इथं माझी दुसरी खेप फसली. टेप गारठ्यानं सुटली. शेवटी आई म्हणाली कणीक लाव की, दम बिर्याणीला लावतात तशी. मऊ भिजवलेली कणीक, एकदम पक्कं काम. मग थर्माकोलच्या पेटीत ड्राय आइस सपाट पसरून त्यावर ट्रे अगदी लेव्हलला ठेवा. वर शेकायची गरम पाण्याची पिशवी ठेवली तर अजून बरं. वर उबेला अल्कोहोलची वाफ होते, खाली उणे 78 च्या गारठ्यात ती उतरते, आणि पत्र्यालगत बोटभर थरात थेंब व्हायला नुसती टपून बसते.

जपायचं ते: ड्राय आइस उघड्या हातानं धरू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बाटलीत कधीच भरू नका, फुटतं. खिडक्या उघड्या, आणताना गाडीचीपण काच खाली. आणि अल्कोहोल पेट घेतं, देवापुढची समई त्या खोलीत नको.

दिवे बंद करा, टॉर्च बाजूनं पत्र्याला घासून जाईल असा धरा, पंधरा मिनिटं गप बसा. आधी नुसती बारीक रिमझिम दिसते, कणकुंबीच्या पावसाची चिमुकली आवृत्ती. मग एकदम पांढरा धागा. लांब, सरळ, बारीक असेल तर बहुतेक म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण, वरच्या वातावरणातून आलेला. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक जातात, पण उभे जाणारे नीट दिसत नाहीत, आडवे सापडतात. जाड आणि आखूड म्हणजे अल्फा कण, हवेतल्या रेडॉन नावाच्या किरणोत्सारी वायूमधून. वाकडातिकडा, दारू प्यायल्यागत चाललेला म्हणजे मंद इलेक्ट्रॉन. काहीच दिसत नसेल तर कणकेला भेग पडलीय का आणि टॉर्च फार वर आहे का ते आधी बघा.

शेजारच्या कन्नड अज्जी डोकावून म्हणाल्या, "डब्ब्याग मोड?" भाची बिचारी सांगायला लागली, नाही अज्जी, मटकी नाही ही. कन्नडात मोड म्हणजे ढग. मग अज्जींनाच स्टूल दिलं, सगळ्यात जास्त वेळ त्याच बघत बसल्या.

परीक्षकांना सांगायला अजून एक: 1932 मध्ये पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा, सापडला तो ढगाच्याच डब्यात. आणि विल्सन 1959 मध्ये नव्वदीत गेला, त्याचा शेवटचा पेपर 87 व्या वर्षीचा, गडगडाटी ढगांतल्या विजेवर.

उरलेला ड्राय आइस सिंकमध्ये टाकू नका, गच्चीत उघडा ठेवा, आपोआप उडतो, पोरांना तेवढं लांब ठेवा. आणि ती कणीक गाईला घालू नका, त्यात अल्कोहोल मुरलेलं असतं.