सामना अंधेरीत, घर सोलापुरात: परतीच्या प्रवासातल्या या चुका टाळा

सोलापुरातून रात्रीचा फुटबॉल सामना बघायला जाणाऱ्यांचं गणित जाताना नाही, येताना चुकतं. सकाळी वंदे भारतने निघालं की दुपारी साडेबारापर्यंत मुंबई. वडापाव खा, मरीन ड्राइव्ह बघा, हाताशी वेळच वेळ. (ही गाडी आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढं बघून घ्या.) खरी परीक्षा शेवटच्या शिट्टीनंतर सुरू होते.

मुंबई सिटी एफसीचा अंधेरीतला सामना बहुतेक वेळा ७:३० ला सुरू होतो. ४५-४५ मिनिटांचे दोन हाफ, मधली १५ मिनिटं आणि वरचा इंज्युरी टाइम धरला की साडेनऊ होतातच. आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस सीएसएमटीहून सुटते साधारण १०:४० ला. हुसेनसागर एक्स्प्रेस तर दहाच्या आतच निघून गेलेली असते. म्हणजे हातात जेमतेम सव्वा तास, त्यातली पंधरा-वीस मिनिटं गेटवरच्या गर्दीत जातात.

सीएसएमटीकडे धाव घेणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि दर वेळी कोणी ना कोणी ती करतंच. गाडी सीएसएमटीहून सुटते म्हणून माणूस अंधेरीहून दक्षिणेकडे पळत सुटतो, आणि गाडी तिथून निघून पुन्हा उत्तरेलाच येते. दादर, ठाणे, कल्याण ही तिन्ही स्टेशनं ती घेते. ठाण्याला यायला तिला सव्वाअकराच्या आसपास वाजतात. तुम्ही आधीच ठाण्याला जाऊन उभे राहिलात तर अर्धा तास जास्तीचा मिळतो.

रस्ता सोपा आहे. स्टेडियमला सगळ्यात जवळचं मेट्रो स्टेशन आझाद नगर. २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो तिथून थेट घाटकोपरला सोडते. घाटकोपरला मध्य रेल्वेची लोकल पकडा आणि ठाण्याला उतरा. अंधेरी-दादरही जमतं, पण दादरला पश्चिम रेल्वेच्या फलाटावरून पूल चढून मध्यच्या फलाटावर यायचं असतं. रात्री त्या पुलावर बॅगा घेऊन पळणारी माणसं बघितली की काळजात धस्स होतं. ठाणंच बरं.

मात्र त्यासाठी तिकिटावर बोर्डिंग ठाणे असायला हवं. सीएसएमटीहून काढलेल्या तिकिटावर ते ऑनलाइन बदलता येतं, पण शेवटच्या दिवसावर ठेवू नका. चार्ट, म्हणजे कोणाला कोणती जागा याची शेवटची यादी, आता पूर्वीपेक्षा बराच आधी लागतो. एकदा बदललं की सीएसएमटीहून त्या तिकिटावर बसायचा हक्क राहत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि मेट्रोचं, लोकलचं तिकीट वेगळं लागतं. ते सामन्याआधीच मोबाइलवर काढून ठेवा, नंतर खिडकीवर रांग असते.

तारखेचा घोळ

हा घोळ मी अगदी जवळून बघितलाय. एफसी पुणे सिटी बालेवाडीत खेळायची तेव्हाची गोष्ट. शनिवारचा रात्रीचा सामना बघून आम्ही चौघं पुणे स्टेशनावर सिद्धेश्वरची वाट बघत बसलो होतो. रात्रीचे दोन वाजत आले होते. आमच्यातल्या एकाने सहज मोबाइल उघडला आणि गप्पच झाला. तिकिटावर तारीख शनिवारची होती. शनिवारी रात्रीचा सामना म्हणून तिकीटही शनिवारचं काढलेलं. पण पुण्याला ही गाडी मध्यरात्रीनंतर येते, तेव्हा कॅलेंडरवर रविवार लागलेला असतो. आमची शनिवारची गाडी सामन्याच्या आदल्या रात्रीच निघून गेली होती. चौघांची चारही तिकिटं वाया. स्वारगेटला जाऊन लाल एसटी पकडली आणि टेंभुर्णी येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

म्हणून पुण्याहून बसणार असाल तर तारीख दुसऱ्या दिवसाची टाका. ऐन वेळी काढायच्या तत्काळ तिकिटाला याच्या उलट. तत्काळचा दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. रविवारी पहाटे दोनला पुण्याहून बसायचं असेल, तर गाडी मुंबईहून शनिवारी सुटलेली असते, म्हणून तत्काळ शुक्रवारी उघडतं. एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. शनिवारी सकाळी लॉगिन करून बसलात तर हाती काही लागत नाही. यापेक्षा सामन्यांचं वेळापत्रक आलं की लगेच तिकीट काढा, आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. आणि ऑनलाइन तिकीट वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते दाखवून चढू नका.

बॅग

आपल्याकडचा माणूस प्रवासाला निघाला की घरून कडक भाकरी, शेंगाचटणी, पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक अशी भरगच्च सॅक पाठीला लागते. यातलं बरंचसं स्टेडियमच्या गेटवर अडवतात. मग ऐन वेळी बॅग कुठे ठेवायची? क्लोकरूममध्ये ठेवायची तर तिला कुलूप लागतं, आणि ती परत घ्यायला त्याच स्टेशनावर जावं लागतं. सीएसएमटीला बॅग ठेवली की ठाण्याचा सगळा बेत मोडला. खिशात मावेल तेवढंच घेऊन जा. भाकरी जातानाच्या गाडीत संपवा.

गाडी चुकलीच तर

फलाटावर बसून राहू नका. दादरहून पुण्याला रात्री उशिरापर्यंत बस मिळते आणि स्वारगेटहून सोलापूरकडे एसटी असते. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. खासगी ट्रॅव्हल्समध्ये बसताना एक प्रश्न आधी विचारा: सोलापुरात नेमकं कुठे उतरवणार? हैदराबादकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या शहरात शिरत नाहीत, बाहेरच्या बाहेर हायवेवर उतरवतात. पहाटे चारला तिथे रिक्षा मिळेलच असं नाही. सोबत मुली किंवा वयस्कर मंडळी असतील तर घरच्या कोणाला तरी गाडी घेऊन यायला सांगून ठेवा.

दुसऱ्या एखाद्या रेल्वेत जागा मिळाली तर गजर लावूनच झोपा. सिद्धेश्वर सोलापुरातच थांबते, तिथे निर्धास्त झोपता येतं. पुढे जाणाऱ्या गाडीत डोळा लागला तर जाग गुलबर्ग्यात येते.

बार्शी, पंढरपूर, माढ्याच्या पोरांना एक सांगणं: सोलापूरपर्यंत येऊन मागे फिरू नका. सिद्धेश्वर कुर्डुवाडीला थांबते. फक्त तिथे ती भल्या पहाटे पोचते, आणि थांबते दोन-चार मिनिटंच. दौंड गेलं की उठून बूट घाला.