डिरेक्टरी प्रॉक्सीवर स्कीमा तपासणी लावताय? या चुका टाळा

एलडॅप डिरेक्टरी म्हणजे माणसं, खाती यांच्या नोंदींचा नेटवर्कवरचा संग्रह, आणि स्कीमा म्हणजे नोंदीत काय असावं याचे नियम. या डिरेक्टरीच्या पुढे प्रॉक्सी (विनंत्या पुढे पोहोचवणारी मध्यस्थ) आली की स्कीमा तपासणीत नवी नोंद दोन ठिकाणी अडू शकते: प्रॉक्सीवर किंवा मागच्या सर्व्हरवर, म्हणजे बॅकएंडवर. क्लायंटला दोन्हीकडून तोच ६५ नंबरचा एरर दिसतो आणि मग भलत्याच मशीनवर तासन्‌तास शोधाशोध चालते. म्हणून काहीही बदलण्याआधी ‘नाही’ कोण म्हणालं ते पाहा. तीच विनंती थेट बॅकएंडला पाठवा, त्याचा अ‍ॅक्सेस लॉग उघडा. प्रॉक्सीमार्फत पाठवलेली विनंती तिथे दिसतच नसेल, तर ती प्रॉक्सीनेच परतवली आहे.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या एररना ‘स्कीमा एरर’ म्हणून मोकळं होणं. ६५ म्हणजे ऑब्जेक्ट क्लासचा (नोंदीच्या प्रकाराचा) नियम मोडला, उदाहरणार्थ आयनेटऑर्गपर्सन या व्यक्तींसाठीच्या क्लासच्या नोंदीत एसएन (आडनाव) हे सक्तीचं अ‍ॅट्रिब्यूट (नोंदीतला रकाना) दिलेलंच नाही. १७ म्हणजे असं अ‍ॅट्रिब्यूट स्कीमात माहीतच नाही (काही सर्व्हर इथेही ६५ देतात, तेव्हा एररसोबतचा मजकूर वाचाच). २१ म्हणजे व्हॅल्यूची घडण चुकली. या २१ च्या मागे अनेकदा रिकामी व्हॅल्यू असते. कुणीतरी फॉर्ममधला ‘वर्णन’ रकाना पुसतो आणि अ‍ॅप्लिकेशन रिकामी स्ट्रिंग पाठवतं, पण डिरेक्टरी स्ट्रिंग या मजकूर-प्रकाराला किमान एक अक्षर लागतंच. अ‍ॅप्लिकेशनने ते अ‍ॅट्रिब्यूट डिलीट करायला हवं. तपासणी ढिली करून हा प्रश्न फक्त झाकला जातो.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक: प्रॉक्सीकडची स्कीमा शिळी राहणं. बॅकएंड सर्व्हर रेप्लिकेशनमध्ये (एकमेकांशी डेटा जुळता ठेवण्याच्या व्यवस्थेत) असतात आणि बऱ्याच उत्पादनांत स्कीमाही त्यातूनच सगळीकडे पोहोचते. प्रॉक्सी मात्र सहसा त्या वर्तुळाबाहेर असते. बॅकएंडवर नवं अ‍ॅट्रिब्यूट घातलं, थेट चाचणी पास झाली, पण प्रॉक्सीवरून अडलं, तर आधी इथेच बघा. दोन्हीकडच्या रूट नोंदीत (सर्व्हर स्वतःबद्दल माहिती देतो ती नोंद) सबस्कीमासबएंट्री, म्हणजे स्कीमा कुठल्या नोंदीत आहे ते सांगणारा रकाना, कुठे बोट दाखवते ते पाहा. ओपनएलडॅप सर्व्हरमध्ये ती नोंद सीएन=सबस्कीमा असते, ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्ये सीएन=स्कीमा. तिथून अ‍ॅट्रिब्यूट टाइप्स आणि ऑब्जेक्ट क्लासेस काढून दोन फायलींची तुलना करा. ही ऑपरेशनल (सर्व्हरच्या स्वतःच्या कामाची) अ‍ॅट्रिब्यूट्स आहेत. नाव घेऊन किंवा अधिक चिन्ह देऊन मागितली नाहीत तर उत्तरात येत नाहीत, आणि ‘स्कीमा रिकामी आहे’ असा गैरसमज होतो. एरर कधी येतो कधी नाही, असं असेल तर प्रॉक्सीला सोडा आणि बॅकएंडांची आपापसात तुलना करा. लोड बॅलन्सिंगमध्ये (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटल्या जातात तेव्हा) एकच सर्व्हर मागे राहिला तरी नेमकं हेच दिसतं.

ओपनएलडॅप प्रॉक्सी म्हणून वापरत असाल तर याचं एक छुपं रूप भेटतं, ज्यात एरर येतच नाही. सॅमअकाउंटनेमवर (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या लॉगिन नावावर) सर्च करता, सर्च यशस्वी होतो आणि निकाल शून्य. फिल्टरमधलं (सर्चच्या अटीतलं) अ‍ॅट्रिब्यूट प्रॉक्सीच्या स्कीमात नसेल तर बॅक-एलडॅप (ओपनएलडॅपचा प्रॉक्सीचं काम करणारा भाग) तेवढ्या भागाच्या जागी कधीच खरी न ठरणारी अट घालून सर्च पुढे पाठवतो. बॅकएंडच्या लॉगमधला फिल्टर पाहिल्याशिवाय हे कळत नाही. आरडब्ल्यूएम ओव्हरले या जोड-मॉड्यूलने अ‍ॅट्रिब्यूटची किंवा क्लासची नावं बदलत असाल तर स्थानिक बाजूची नावं प्रॉक्सीच्या स्कीमात असावीच लागतात. पलीकडची, म्हणजे बॅकएंडवरची, असतील तर उत्तम.

मग तपासणी प्रॉक्सीवर लावावी का? मागे खरा एलडॅप सर्व्हर असेल तर माझं मत ‘नको’. मॉडिफाय (नोंद बदलण्याच्या) विनंतीत प्रॉक्सीला फक्त बदल दिसतात, पूर्ण नोंद नाही. एसएन काढल्यावर नोंद वैध राहते का, हे नोंद वाचल्याशिवाय तिला सांगता येणार नाही. ते काम बॅकएंडचं. पण मागे डेटाबेसचं टेबल किंवा एलडीआयएफ (नोंदींची साधी मजकूर) फाइल असेल तर स्कीमा राखणारं दुसरं कोणी नाही, तिथे प्रॉक्सीची तपासणी चालू हवीच. सनच्या, नंतर ओरॅकलच्या डिरेक्टरी प्रॉक्सी सर्व्हरमध्ये ही सेटिंग कनेक्शन हँडलरवर (कोणत्या क्लायंटला कोणते नियम लागतील ते ठरवणाऱ्या भागावर) असते. साहजिकच एका हँडलरवर चालू करून वेगळ्याच हँडलरमधून येणाऱ्या क्लायंटवर चाचणी घेतली की ‘तपासणी चालतच नाही’ ही तक्रार येते.

जुना डेटा न तपासता स्विच दाबू नका. वाचताना कोणी अडवत नाही, लिहिताना मात्र बॅकएंड बदलानंतरची पूर्ण नोंद तपासतो. त्यामुळे फक्त फोन नंबर बदलणाऱ्यालाही वर्षांपूर्वीच्या घाणीबद्दल ६५ मिळतो. ओपनएलडॅपचं नोंदी भरणारं साधन स्लॅपअ‍ॅड ड्राय-रन पर्यायासह (प्रत्यक्ष काही न लिहिता) चालवून एक्सपोर्ट आधी पारखून घ्या.

आणि वैतागून प्रत्येक नोंदीला एक्स्टेन्सिबलऑब्जेक्ट हा क्लास लावू नका. त्याने स्कीमात असलेलं कोणतंही अ‍ॅट्रिब्यूट चालतं, पण स्कीमात नसलेलं तरीही चालत नाही आणि सक्तीची सक्तीचीच राहतात. स्वतःचा ऑक्झिलरी (नोंदीला जोडायचा पूरक) क्लास बनवायला थोडाच वेळ लागतो. फक्त ओआयडी (क्लासचा एकमेव ओळख क्रमांक) आपल्या नोंदवलेल्या क्रमांकाखालचा घ्या, आणि तो क्लास बॅकएंडांसोबत प्रॉक्सीवरही त्याच दिवशी चढवा.