४०४ दिसला की आधी यूआरएलची फाइल उघडू नका

जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क नव्याने शिकणाऱ्याला ४०४ ('पान सापडलं नाही') दिसला की तो थेट यूआरएलची फाइल उघडतो. एक स्लॅश इथे घाल, एक तिथला काढ. अर्ध्या तासाने मूळ चूक जागच्या जागी असते आणि चालणारी दोन पानंही बंद पडलेली असतात. ४०४ तीन ठिकाणांहून येऊ शकतो: पुढे बसवलेल्या वेब सर्व्हरकडून, जँगोच्या राउटरकडून (पत्ता कोणत्या व्ह्यूकडे जाईल ते ठरवणारा भाग) किंवा तुमच्याच व्ह्यूमधून (उत्तराचं पान देणारा तुमचा कोड). तो कुणी दिला हे कळेपर्यंत कोडला हात लावू नये.

रनसर्व्हर (जँगोचा स्वतःच्या मशीनवरचा सर्व्हर) चालू असलेल्या टर्मिनलमध्ये बघा. रिक्वेस्टची ओळच उमटली नसेल तर ती जँगोपर्यंत पोचलेली नाही. पोर्ट किंवा मधला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तपासा. ओळ असेल तर डीबग ही सेटिंग चालू ठेवून ब्राउझरमधलं पिवळसर पान शांतपणे वाचा. जँगोने पत्त्यांचे कोणते पॅटर्न कोणत्या क्रमाने लावून पाहिले, याची अख्खी यादी तिथे असते. त्याच पानावर 'रेझ्ड बाय' आणि पुढे व्ह्यूचं नाव दिसलं, तर राउटिंग बरोबर आहे. व्ह्यू सापडला, सहसा त्याला डेटाबेसमधली नोंद सापडलेली नसते.

पण व्ह्यू हवा तोच आहे ना, तेही बघा. पॅटर्न वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की शोध थांबतो. 'लेख/' पुढे कुठलंही नाव स्वीकारणारा पॅटर्न वर असेल आणि 'लेख/नवा/' त्याच्या खाली, तर 'नवा' नावाचा लेख शोधला जाईल आणि ४०४ येईल. नेमका पॅटर्न वर, मोकळा खाली. क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) किंवा रिक्वेस्ट गेट (पान मागणारी) की पोस्ट (डेटा पाठवणारी) हा फरक राउटर बघतच नाही. त्यावरून दोन पॅटर्न वेगळे करायला जाऊ नका.

आता स्लॅश. सगळ्यात जास्त वेळ हाच खातो. जँगो पत्त्याचा पहिला स्लॅश काढून मगच जुळवतो, म्हणून पॅटर्नची सुरुवात स्लॅशने केली तर तो साध्या पत्त्याशी कधीच जुळत नाही. एका यूआरएल फाइलमध्ये दुसरी इन्क्लूड करताना जुळलेला भाग कापून उरलेला आतल्या फाइलकडे जातो. बाहेर 'ब्लॉग/' ऐवजी नुसतं 'ब्लॉग' लिहिलं तर आत '/संग्रह/' पोचतं आणि तिथला 'संग्रह/' जुळत नाही. गंमत म्हणजे 'ब्लॉगसंग्रह/' हा पत्ता मात्र चालतो!

शेवटचा स्लॅश राहिला तर अपेंड स्लॅश ही सेटिंग सांभाळून घेते: स्लॅश लावल्यावर पॅटर्न जुळत असेल तर ३०१ (पत्ता कायमचा बदलला) देऊन तिकडे वळवते. पान बघताना हे सोयीचं, फॉर्म पाठवताना घातक. ३०१ नंतर ब्राउझर सहसा पोस्टऐवजी गेट पाठवतो आणि भरलेला डेटा गळतो. डीबग चालू असताना जँगो यावर रनटाइम एरर देतो. प्रॉडक्शनमध्ये तीही नाही, फॉर्म नुसता रिकामा परत येतो. शिवाय ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, त्यामुळे चूक सुधारल्यावरही तो जुन्याच वाटेने जातो. खात्री कर्ल या टर्मिनलमधल्या साधनाने करावी, नाहीतर प्रायव्हेट विंडोत.

जुन्या धड्यांतून कोड उचलणाऱ्यांसाठी एक सूचना. जँगो २.० मध्ये पॅटर्न लिहायचं 'पाथ' फंक्शन आलं आणि ४.० मध्ये रेगेक्सवालं (रेग्युलर एक्स्प्रेशन घेणारं) जुनं 'यूआरएल' फंक्शन काढून टाकलं. 'पाथ'मध्ये रेगेक्सची सुरुवातीची टोपी (^) आणि शेवटचं डॉलरचिन्ह ($) तसंच ठेवलं तर ती चिन्हं अक्षरशः शोधली जातात. मॅनेज-पाय (manage.py) या फाइलचा 'चेक' चालवलात तर ही चूक आणि वरची पहिल्या स्लॅशचीही इशारा म्हणून समोर येते.

कन्व्हर्टरमध्ये (पॅटर्नमधला बदलता भाग ओळखणारे प्रकार) 'इंट' ऋण संख्या घेत नाही, 'एसटीआर' स्लॅशपाशी थांबतो, 'यूयूआयडी'ला छोटीच अक्षरं लागतात. 'स्लग' फक्त रोमन अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर ओळखतो. मॉडेलमध्ये युनिकोड स्लगला परवानगी दिली तरी देवनागरी शीर्षकाचा पत्ता इथे अडतो. तिथे 'एसटीआर' वापरा. आणि पॅटर्नमधलं नाव 'पीके', व्ह्यूमध्ये मात्र 'आयडी', असं असेल तर ४०४ नव्हे, टाइप एरर येते.

नो रिव्हर्स मॅच ही उलट दिशेची चूक: नावावरून पत्ता बनत नाही. नेमस्पेस (नावांपुढे लागणारं ॲपचं नाव) नोंदलेली नाही असं म्हटलं असेल तर यूआरएलच्या फाइलमध्ये ॲप नेम लिहायचं राहिलं आहे, किंवा ती फाइल इन्क्लूडच केलेली नाही. आर्ग्युमेंटच्या जागी रिकामं अवतरण दिसलं तर टेम्प्लेटमधल्या व्हेरिएबलचं नाव चुकलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी जँगोच्या शेलमध्ये 'रिव्हर्स' (नावावरून पत्ता) आणि 'रिझॉल्व्ह' (पत्त्यावरून व्ह्यू) हातानेच चालवून पाहावं. फक्त 'रिझॉल्व्ह'ला पत्ता पहिल्या स्लॅशसकट द्यावा लागतो.

स्वतःच्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही? एनजिनएक्सच्या प्रॉक्सी पासमध्ये (रिक्वेस्ट जँगोकडे पाठवणारी ओळ) पोर्टनंतर स्लॅश असेल तर पत्त्यातला लोकेशनचा भाग कापला जातो, नसेल तर तसाच पुढे जातो. '/ॲप/' कापला गेला तर पानं उघडतात, पण आतल्या लिंक '/ॲप/' शिवाय बनतात. तिथे फोर्स स्क्रिप्ट नेम ही सेटिंग द्यावी. ४०४ ऐवजी ४०० येत असेल तर राउटिंग सोडा, अलाउड होस्ट्स ही सेटिंग बघा.