कलेक्टडीत प्लगइन कसे लावायचे

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्याचा सर्व्हर मी सांभाळते. एका सोमवारी सकाळी तिथून फोन आला, "ताई, बिल सेव्हच होत नाहीये." लॉगिन करून पाहिलं तर डिस्कवर निम्मी जागा रिकामी. तरीही प्रत्येक प्रोग्रॅमची एकच तक्रार: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. दोन तासांनी उलगडा झाला. जागा शिल्लक होती, आयनोड (फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलीसाठी लागणारी नोंद) संपले होते. मॉनिटरिंग तेव्हाही चालू होतं आणि आलेख दर दहा सेकंदांनी नेमाने पुढे सरकत होते. पण आयनोडचा आकडा मी त्याच्याकडून मागितलाच नव्हता.

म्हणून हा लेख इन्स्टॉलेशनबद्दल कमी आणि प्लगइनकडून नेमकं काय मागायचं याबद्दल जास्त आहे. उदाहरण कलेक्टडीचं, म्हणजे मशीनचे आकडे ठरावीक वेळाने मोजून साठवणाऱ्या प्रोग्रॅमचं, घेतलंय. फ्लोरियन फोर्स्टर यांनी 2005 मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प सी भाषेत लिहिलेला आहे, त्यामुळे जुन्या, कमी रॅमच्या मशीनवरही तो भार देत नाही. मोजण्याचं सगळं काम प्लगइन, म्हणजे हवे ते जोडता येणारे छोटे भाग, करतात. काही वाचणारे (सीपीयू, डिस्क, नेटवर्क), तर काही वाचलेलं लिहिणारे किंवा दुसरीकडे पाठवणारे.

खालची नावं मी उच्चाराप्रमाणे देतेय. फाइलीत ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, आणि दोन शब्दांची नावं मध्ये जागा न सोडता जोडून लिहायची.

फाइल उघडण्याआधी

एक कागद घ्या आणि या मशीनबद्दल तुम्हाला रात्री अकरा वाजता कोणते प्रश्न विचारले जातील ते लिहा. छापखान्याची माझी यादी अशी होती: डिस्क भरतेय का? लाइट गेली तर यूपीएस किती वेळ टिकेल? इंटरनेट बंद आहे की फक्त मंद आहे? जो प्लगइन या यादीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही, तो लावायचा नाही. कलेक्टडीसोबत शंभराहून जास्त प्लगइन येतात. सगळे चालू केले तर आकड्यांच्या गर्दीत हवा तो आकडा सापडत नाही.

नाव आणि अंतर

डेबियनवर मुख्य फाइल ईटीसीखालच्या कलेक्टडी फोल्डरमध्ये कलेक्टडी डॉट कॉन्फ या नावाने असते. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टिमवर ती थेट ईटीसीत सापडते. हात लावण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा.

सगळ्यात वर 'होस्टनेम' असेल, ते स्वतः लिहा. साठवलेल्या आकड्यांचा फोल्डर याच नावाने तयार होतो, त्यामुळे पुढे मशीनचं नाव बदललं तर जुना इतिहास एका फोल्डरात आणि नवा दुसऱ्यात जातो.

मग 'इंटरव्हल'. ठरलेला आकडा 10 सेकंदांचा आहे, म्हणजे प्रत्येक मापाच्या दिवसाला 8,640 नोंदी. छोट्या ऑफिसला 10 चालतो, 30 किंवा 60 सुद्धा चालतो. पण जो ठरवाल तो पहिल्याच दिवशी ठरवा. आरआरडी फाइल (जिच्यात आकडे साठवले जातात ती) तयार होताना हे अंतर तिच्यात कोरलं जातं. सहा महिन्यांनी 10 चे 60 केलेत तर जुन्या फाइली जुळत नाहीत आणि बहुतेक वेळा पुसाव्या लागतात. एखादंच माप सावकाश हवं असेल तर मुख्य अंतर तसंच ठेवून त्या प्लगइनच्या 'लोडप्लगइन' (प्लगइन चालू करणाऱ्या) ब्लॉकमध्ये वेगळा इंटरव्हल द्या. तोही आधीच.

साधे प्लगइन

नमुना फाइलीत बऱ्याच 'लोडप्लगइन' ओळींपुढे हॅशचं चिन्ह असतं. ते काढलं की प्लगइन चालू होतो. लोड, मेमरी आणि स्वॅप यांना आणखी काही सांगावं लागत नाही.

सीपीयूला मात्र सांगावं लागतं. तो मूळ स्वरूपात प्रत्येक कोअरचा आकडा जिफी या कर्नलच्या एककात देतो, आणि तो आकडा पाहून कुणालाच काही कळत नाही. 'व्हॅल्यूजपर्सेंटेज' ट्रू करा. शिवाय 'रिपोर्टबायसीपीयू' फॉल्स केलंत तर सगळ्या कोअरचा मिळून एकच आलेख येतो, आणि छोट्या ऑफिसला तेवढा पुरतो.

डीएफ, जिथे माझे दोन तास गेले

डीएफ म्हणजे डिस्कवरची जागा. इथे एक ऑप्शन सगळ्यांना फसवतो, तो म्हणजे 'इग्नोअरसिलेक्टेड'. तुम्ही माउंटपॉइंट (डिस्क ज्या फोल्डरवर जोडली तो) किंवा एफएसटाइप (फाइल सिस्टिमचा प्रकार) यांची यादी दिलीत आणि हा फॉल्स असेल, तर फक्त यादीतलेच मोजले जातात. ट्रू असेल तर यादीतले सोडून बाकी सगळे मोजले जातात. यादीच दिली नाही तर सरसकट सगळं. हाच ऑप्शन डिस्क आणि इंटरफेस या प्लगइनमध्येही आहे आणि तिथेही असाच वागतो.

मी एफएसटाइपच्या यादीत टीएमपीएफएस, डेव्हटीएमपीएफएस, ओव्हरले आणि स्क्वॉशएफएस लिहिते आणि ट्रू ठेवते. उबुंटूवर स्नॅपची पॅकेजं स्क्वॉशएफएस म्हणून माउंट होतात आणि ती कायम शंभर टक्के भरलेलीच दिसतात. ती वगळली नाहीत तर रोज खोटी धोक्याची घंटा वाजेल, आणि आठवड्याभरात तुम्ही खऱ्या घंटेकडेही बघणार नाही.

आता आयनोड. प्रत्येक फाइलीला, मग ती कितीही छोटी असो, एक आयनोड लागतो. ईएक्सटी4 फाइल सिस्टिम बनवतानाच त्यांची संख्या ठरते, आणि नेहमीचा हिशेब 16,384 बाइटला एक असा असतो. छापखान्यात व्हार फोल्डरचं पार्टिशन 20 जीबीचं होतं, म्हणजे जेमतेम तेरा लाख आयनोड. बिलिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक लॉगिनला दोन-तीनशे बाइटची एक सेशन फाइल टाकायचं आणि ती कधीच पुसायचं नाही. जागा निम्मीही भरली नाही, पण तेरा लाख संपले.

हे पकडायला एकच ओळ लागते: 'रिपोर्टआयनोड्स' ट्रू. मुळात तो बंद असतो. सोबत 'व्हॅल्यूजपर्सेंटेज'ही ट्रू करा, म्हणजे जागा आणि आयनोड दोन्ही टक्क्यांत दिसतील.

वीज आणि उष्णता

12 ऑक्टोबर 2020 रोजी ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच सकाळी गेली. तो दिवस अनुभवलेल्याला यूपीएसवर लक्ष का ठेवायचं हे सांगावं लागत नाही. त्यासाठी आधी नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, मशीनवर चालू हवं आणि यूपीएसला डेटा केबलची सोय हवी. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना ती नसते, खरेदी करतानाच बघा. मग कलेक्टडीच्या 'नट' प्लगइनमध्ये यूपीएसचं नाव, ॲटचं चिन्ह आणि होस्ट एवढं लिहायचं. बॅटरीचा चार्ज, व्होल्टेज आणि लोड यायला लागतो.

यातला लोडचा आकडा मला फार मोलाचा वाटतो. घणसोलीतल्या एका सीए ऑफिसात रोज साडेदहा आणि चार वाजता यूपीएसचा लोड ताडकन वर जायचा. जाऊन पाहिलं तर चहाची इलेक्ट्रिक किटली त्याच बोर्डावर लावलेली होती. किटली भिंतीच्या साध्या सॉकेटवर गेली आणि बॅटरीवर मिळणारा वेळ परत वाढला.

तापमानासाठी 'सेन्सर्स' प्लगइन. आधी एलएम सेन्सर्सची ओळख-तपासणी चालवून घ्या. एप्रिल-मेमध्ये बंद कपाटात ठेवलेल्या सर्व्हरचं काय होतं ते यात स्वच्छ दिसतं. इंटरनेटसाठी 'पिंग' प्लगइनमध्ये दोन पत्ते द्या, एक ऑफिसच्या राउटरचा आणि एक बाहेरचा. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचा देत नाही, तर बिघाड तुमच्या केबलमध्ये नाही.

आकडे एका जागी आणणं

दोन-चार ऑफिसं असतील तर 'नेटवर्क' प्लगइन लावा. पाठवणाऱ्या मशीनवर 'सर्व्हर', घेणाऱ्यावर 'लिसन'. पोर्ट 25826, आणि तो यूडीपी आहे (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती). फायरवॉलमध्ये टीसीपी उघडून वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मूळ सेटिंगमध्ये आकडे उघडेच जातात, म्हणून इंटरनेटवरून पाठवत असाल तर 'सिक्युरिटीलेव्हल' एन्क्रिप्ट करा. पाठवणाऱ्याला युजरनेम आणि पासवर्ड द्या, घेणाऱ्याला त्याच जोड्यांची ऑथफाइल. पासवर्ड असलेली फाइल बाकी युजरना वाचता येणार नाही अशी परवानगी लावायला विसरू नका.

तपासणी

रीस्टार्ट करण्याआधी कलेक्टडीची कमांड छोट्या टी या पर्यायासह चालवा, फाइलीतल्या चुका तिथेच कळतात. मोठ्या टीसह चालवली तर प्लगइन खरोखर वाचतात का तेही कळतं. मग सेवा रीस्टार्ट करून जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) बघा. ब्लॉक लिहिलाय पण त्याच्या वरची 'लोडप्लगइन' ओळ राहिलीय, ही सर्रास होणारी चूक आहे.

शेवटी साठवणुकीच्या फोल्डरात उतरून डोळ्यांनी पाहा. आरआरडीटूल लावलं असेल तर व्हार, लिब, कलेक्टडी, आरआरडी या वाटेवर तुमच्या होस्टचं नाव आणि त्यात प्रत्येक प्लगइनचा फोल्डर दिसायला हवा. आयनोडची फाइल डीएफच्या फोल्डरात आहे ना, हे मी दर वेळी बघते. कॅशमुळे फाइलीवरची वेळ थोडी मागे असू शकते, लगेच घाबरू नका.

आता 'थ्रेशोल्ड' प्लगइनमध्ये मर्यादा घाला आणि 'नोटिफाय ईमेल'मध्ये (या एका नावात दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर लागतो) तुमचा पत्ता. छापखान्यासाठी शिल्लक आयनोडवर वॉर्निंगमिन 20 आणि फेल्युअरमिन 10 ठेवलंय. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी त्याची ईमेल आली. सेशन फाइली पुसण्यासाठी मी लावलेला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) एका अपडेटनंतर बंद पडला होता. घरूनच तो चालू केला, आणि सोमवारी छापखान्यातून फोन आला तो कागदाच्या रिमची ऑर्डर कुठे द्यायची हे विचारायला.