तोलेदोच्या कॅथेड्रलला जाण्याआधी

माद्रिदहून स्पेनमधलं हे जुनं गाव तोलेदो एका दिवसात आरामात होतं, फक्त वार नीट निवडा. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासना, असतात आणि पर्यटकांना दुपारी दोनपासून आत सोडतात, म्हणजे सकाळचं ऊन हातचं जातं. ते ऊन इथे का लागतं ते पुढे येईलच. इतर दिवशी दार साधारण दहाला उघडतं. तरी निघण्याआधी कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर तारीख तपासा, कारण धार्मिक सोहळ्यांमुळे वेळा बदलतात. कॉर्पस क्रिस्ती या कॅथलिक सणाच्या सुमारास तर सगळं गावच मिरवणुकीच्या तयारीत असतं.

माद्रिदच्या आतोचा स्थानकातून सुटणारी आवांत ही वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचवते. जागा आरक्षित असतात आणि सकाळच्या गाड्या भरतात, म्हणून जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं एकदमच काढा. स्थानकात सामान तपासणीच्या यंत्रातून जातं, वीस-पंचवीस मिनिटं हाताशी ठेवा. मोठी चाकांची बॅग माद्रिदलाच राहू द्या. तोलेदोचं स्थानक खाली नदीपलीकडे आहे, जुनं गाव वर टेकडीवर, आणि गल्ल्यांत गोटे बसवलेले. चालायचं नसेल तर जुन्या गावातल्या सोकोदोवेर चौकापर्यंत सिटी बस मिळते. बूट जाड आणि न घसरणाऱ्या तळव्यांचे घ्या. पाऊस पडला की हे गोटे निसरडे होतात.

तिकिटात बरेच जण फसतात. गावात जो पर्यटकांचा मनगटी पट्टा विकतात, त्यात कॅथेड्रल येत नाही. चित्रकार एल ग्रेकोच्या काउंट ओर्गासच्या दफनाच्या चित्रासाठी प्रसिद्ध असलेलं सांतो तोमे चर्च त्यात येतं. कॅथेड्रलचं तिकीट वेगळं, ऑनलाइन किंवा प्वेर्ता याना या दारासमोरच्या दुकानात. आत जायचं तेही याच दारातून. पायऱ्या नसलेलं, रस्त्याच्या पातळीवरचं दार हेच, त्यामुळे आजी-आजोबा किंवा चाकांची खुर्ची बरोबर असली तरी अडचण नाही. बुरुजावर चढून प्रचंड घंटा पाहायची असेल तर तिकीट काढतानाच तशी निवड करा. जिना अरुंद आहे. गुडघे दुखत असतील तर हा भाग सोडा.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंशांची होरपळ असते आणि आत गारवा, म्हणून एक ओढणी दोन्हीकडे कामाला येते. देवळासारखे बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी मात्र काढायची. दाराजवळच्या दगडी भांड्यातलं पाणी पवित्र आहे, त्यात हात धुऊ नका. फ्लॅश बंद ठेवा. मिस्सा चालू असेल तर फिरू नका, बाकावर बसा, आणि कॅथलिक नसाल तर कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या प्रसादाच्या, रांगेत शिरू नका. वसई-गोव्याच्या कॅथलिक वाचकांनी जमलं तर सकाळची मोझाराबिक मिस्सा गाठावी. मुस्लिम राजवटीतल्या इथल्या ख्रिश्चनांनी जपलेली ही प्राचीन उपासनापद्धती इथे आजही चालते.

छोटी दुर्बीण घ्या, आठ पटींची पुरे. मुख्य वेदीमागचा सोनेरी लाकडी पट छतापर्यंत जातो आणि पुढे उंच जाळी आहे, त्यामुळे वरचे प्रसंग नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. गायनवृंदाच्या खालच्या आसनांवर ग्रानादाच्या मुस्लिम राज्याविरुद्धच्या लढाईची, जिंकलेल्या गावांची, 54 कोरीव दृश्यं आहेत. ती वाकून, एकेक गाव ओळखत पाहायची. अर्धा तास तिथेच जातो.

आता उन्हाची गोष्ट. 1226 च्या सुमारास सुरू झालेल्या या गॉथिक इमारतीत वेदीच्या मागची फेरी अंधारी होती. शिल्पकार नार्सिसो तोमेने 1732 पर्यंत वेदीच्या पाठीला संगमरवराची बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या शैलीतली, रचना उभी केली आणि समोरच्या घुमटीचा भाग कापून वर खिडकी काढली. पूर्वेकडून येणारा उजेड तिथून देवदूतांवर पडतो. हाच एल त्रान्स्पारेन्ते. ढगाळ दिवशी किंवा दुपार कलल्यावर तो मिटल्यासारखा वाटतो. म्हणून दहाला आत शिरा, थेट इथे या, डोळे अंधाराला सरावू द्या, मग वळून वरच्या भोकाकडेही पाहा. त्याच्या कडांनाही आकृत्या आहेत, आणि बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. छतावरून लोंबणाऱ्या लाल टोप्या दिसल्या तर त्याखाली कार्डिनलची कबर आहे असं समजा.

खजिन्याच्या चॅपलमधली सोनार आर्फेची सोन्या-चांदीची कुस्तोदिया (पवित्र भाकरी दर्शनाला ठेवायचं पात्र) आणि सॅक्रिस्टीतलं, म्हणजे धर्मगुरूंच्या वस्त्रांच्या खोलीतलं, एल ग्रेकोचं येशूची वस्त्रं उतरवण्याचं चित्र ‘एल एस्पोलियो’ नंतर पाहिलं तरी चालतं, तिथे दिव्यांचा उजेड असतो. हे चित्र याच खोलीसाठी 1577 ते 1579 मध्ये काढलेलं आहे. गर्दीची डोकी येशूच्या डोक्याहून वर दाखवली म्हणून कॅथेड्रलने तेव्हा मोबदल्यावरून वाद घातला होता. ते ठाऊक असेल तर चित्रापुढे पहिली नजर कुठे टाकायची हे सांगावं लागत नाही.

सगळ्याला किमान अडीच तास धरा. सांतो तोमे जेवणानंतर ठेवा.