परदेशी पासपोर्ट घेताय? नागरिकत्वाच्या बाबतीत या चुका टाळा

कोथरूड, औंध, बाणेरमधल्या कितीतरी घरांतली मुलं आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थिरावली आहेत. त्यांच्या कागदपत्रांची धावपळ बऱ्याचदा इथल्या आई-वडिलांच्या गळ्यात पडते, आणि तेव्हा एक समज हमखास कानावर येतो: पासपोर्ट परत केलेला नाही, म्हणजे मुलगा अजून भारतीयच.

हा समज चुकीचा आहे. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी अर्ज लागत नाही, कुणाची नोटीसही येत नाही. नुसत्या ग्रीन कार्डाने मात्र काही बिघडत नाही. तो कायम राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे.

म्हणून परदेशी नागरिकत्वाची शपथ झाल्यावर जुना भारतीय पासपोर्ट वापरू नका, मुदत कितीही शिल्लक असो. तसा वापर पासपोर्ट कायदा १९६७ खाली गुन्हा ठरतो. तो पासपोर्ट तिथल्या भारतीय वकिलातीत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या. भारतात आला असाल तर पासपोर्ट सेवा पोर्टलवरही त्यासाठी अर्ज करता येतो. हे सर्टिफिकेट नसलं की पुढे ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज अडतो. मतदार यादीतलं नावही फॉर्म ७ भरून काढून घ्या. आधार कार्ड दाखवून उपयोग नाही, कारण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधार कायद्यातच लिहिलेलं आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मुलांच्या बाबतीत, आणि त्याची झळ मुलांना मोठेपणी बसते. परदेशी पासपोर्ट घेतलेलं जोडपं पुण्याला परत येतं, इथल्या हॉस्पिटलात बाळ होतं, महापालिकेचा जन्मदाखला मिळतो. तरी ते बाळ भारतीय नाही! १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्म एवढंच सहसा पुरायचं. त्यानंतर आई-वडिलांपैकी एक जण तरी भारतीय असणं आवश्यक झालं. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. म्हणजे आई भारतीय आणि वडील ओसीआय कार्डधारक असतील तर बाळ भारतीय.

उलट, भारतीय आई-वडिलांचं बाळ परदेशात जन्मलं तर वर्षाच्या आत वकिलातीत जन्माची नोंद करा. त्याच्या नावावर दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं तेव्हा लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

आणखी एक भाबडी आशा असते: आम्ही तिकडचे झालो तरी मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर भारतीय नागरिकत्व परत घेईल. ही सोय कलम ८ मध्ये आहे खरी, पण आई-वडिलांनी स्वतः घोषणा करून नागरिकत्व सोडलं असेल तरच. परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे ते कलम ९ खाली संपलं असेल तर ही वाट बंद आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. शपथ घेण्याआधी हा मुद्दा घरात जरूर बोला.

ओसीआय कार्डाला लोक सर्रास दुहेरी नागरिकत्व म्हणतात. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण मुळशी-मावळात शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने जमीन येऊ शकते. एजंट काहीही सांगो, विसार देण्याआधी वकिलाला विचारा.

परत भारतीय व्हायचं असेल तर रस्ता आहे. ओसीआय म्हणून ५ वर्षं नोंद असेल आणि अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने वास्तव्य भारतात असेल तर कलम ५ खाली अर्ज करता येतो. परदेशी नागरिकत्व अर्थातच सोडावं लागतं. या १२ महिन्यांत मुलांना भेटायला म्हणून बाहेर जाऊन येणं टाळा. विशेष कारण असेल तर केंद्र सरकार खंड माफ करू शकतं, पण जास्तीत जास्त ३० दिवसांचा.