जिनिव्हात मतं मोजायला शिकताना: मानवाधिकार आणि परराष्ट्र धोरणाच्या वाटेवर येणाऱ्यांसाठी

‘मला मानवाधिकारांवर काम करायचंय, पण आंतरराष्ट्रीय पातळीवर,’ असं सांगत कुणी सल्ला मागायला आलं की मी आधी गृहपाठ देते. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेवर जे ठराव आले, त्यांवर भारतानं कधी काय मत दिलं ते काढून आणा, आणि प्रत्येक मतामागचं कारण दोन ओळींत लिहा. अर्धी मुलं परत येत नाहीत. जी येतात, त्यांच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं.

गृहपाठाचं उत्तर साधारण असं आहे. मे २००९मध्ये श्रीलंका सरकारचं एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेविरुद्धचं युद्ध संपलं आणि काही दिवसांत परिषदेचं विशेष अधिवेशन भरलं. तिथे श्रीलंकेनं स्वतःच मांडलेला, स्वतःला सोयीचा ठराव २९ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाला. भारत त्या २९ जणांत होता. मार्च २०१२मध्ये अमेरिकेनं श्रीलंकेला उत्तरदायी धरणारा ठराव आणला, तो २४ विरुद्ध १५ असा मंजूर झाला, आणि या वेळी भारतानं श्रीलंकेच्या विरोधात म्हणजे ठरावाच्या बाजूनं मत दिलं. २०१३मध्ये पुन्हा तेच. २०१४मध्ये भारत तटस्थ. २०२१मध्ये तटस्थ. २०२२मध्येही तटस्थ, त्या वेळी बाजूनं २०, विरोधात ७ आणि तटस्थ तब्बल २० देश होते.

हे पाहून बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो: दुटप्पीपणा. मी म्हणते, तो शब्द वापरा, पण तिथे थांबू नका. २०१२-१३मध्ये दिल्लीतलं सरकार द्रमुकच्या पाठिंब्यावर उभं होतं आणि तमिळनाडूत लोक रस्त्यावर होते. मार्च २०१३मध्ये मतदानाच्या दोन दिवस आधी द्रमुकनं पाठिंबा काढूनही घेतला. २०१४च्या ठरावात मात्र आंतरराष्ट्रीय चौकशीची तरतूद आली, आणि बाहेरून लादलेली चौकशी भारताला कधीच रुचत नाही. उद्या तोच दाखला आपल्यावर उलटेल ही धास्ती त्यामागे असते. शिवाय कोलंबोला फार दुखावलं तर ते बीजिंगकडे सरकेल, हा हिशेब प्रत्येक वर्षी मांडला जातोच.

२०१२चा ठराव नीट वाचलात तर आणखी एक गोष्ट दिसते. मानवाधिकार उच्चायुक्तांचं कार्यालय श्रीलंकेला तांत्रिक मदत देईल, पण ती श्रीलंका सरकारशी सल्लामसलत करून आणि त्याच्या संमतीनं, अशी अट अंतिम मसुद्यात आहे. ही अट भारताच्या आग्रहानं आली, असं त्या वेळच्या बातम्यांत होतं. म्हणजे मत ठरावाच्या बाजूनं आणि तरीही ठरावाची धार कमी केलेली. परराष्ट्र धोरणातून मानवाधिकार ‘पुढे नेणं’ प्रत्यक्षात बरंचसं असं दिसतं. हे पाहून ज्यांचा हिरमोड होतो, त्यांनी दुसरं काम शोधलेलं बरं. ज्यांना ‘अच्छा, मग ती अट कोणत्या बैठकीत घातली गेली असेल?’ असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी हे क्षेत्र आहे.

भारताचा इतिहासही या संदर्भात वाचावा, कारण आपल्याकडची मुलं हा विषय म्हणजे पाश्चात्त्यांचा खेळ समजतात. १९४६मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, दक्षिण आफ्रिकेत भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार भारतानं संयुक्त राष्ट्रांत नेली. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या आणि मुंबईचे एम. सी. छागला त्यात होते. समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स, ज्यांचा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात मोठा हात होता! त्यांचा मुद्दा असा, की हा आमचा अंतर्गत मामला आहे, सनदेच्या कलम २(७)नुसार तुम्हाला बोलताच येत नाही. भारतानं तो मुद्दा खोडून काढला आणि ठराव ३२ विरुद्ध १५ असा मंजूर झाला. त्याच वर्षी भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापारही तोडला. आज ‘अंतर्गत मामला’ हा युक्तिवाद आपले राजनैतिक अधिकारी किती सहज वापरतात, हे जिनिव्हात बसून ऐकताना मला छागला हमखास आठवायचे. असो.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. मी दक्षिण आशियावर काम करणाऱ्या एका संस्थेत होते. परिषदेचे ४७ सदस्य, वर्षातून तीन नियमित अधिवेशनं. बाहेरच्याला दिसतं ते सभागृह क्रमांक २०, मिकेल बार्सेलोनं रंगवलेलं ते प्रसिद्ध छत आणि भाषणं. संस्थांच्या वाट्याला येतो जेमतेम दीड मिनिट, तोही संस्थेला ‘इकोसॉक’चा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा, सल्लागार दर्जा असेल तरच. त्या दीड मिनिटासाठी नवखी मंडळी आठवडाभर झुरतात. भाषण गावी आईवडिलांना दाखवायला छान आहे, पण ठराव त्यानं हलत नाही.

ठराव हलतो तो ‘इन्फॉर्मल्स’मध्ये, म्हणजे मसुद्यावरच्या अनौपचारिक बैठकांत. ठराव आणणाऱ्या देशांचा एक कोअर ग्रुप असतो. २०२१च्या श्रीलंका ठरावात ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, मलावी, माँटेनिग्रो आणि उत्तर मॅसिडोनिया होते. मसुदा पडद्यावर लावतात आणि परिच्छेद-परिच्छेद चर्चा होते; ज्यावर एकमत नाही ते चौकटी कंसात जातं. बऱ्याच बैठका संस्थांना खुल्या असतात. तिथे गप्प बसून कोण काय काढायला सांगतंय याची वही ठेवणं हे माझं पहिल्या अधिवेशनातलं मुख्य काम होतं, आणि आजही नवख्यांनी तेच करावं असं मला वाटतं. २०२१च्या ठरावात पुरावे गोळा करून जपून ठेवण्याचं काम उच्चायुक्तांच्या कार्यालयाला दिलं गेलं. ऐकायला नीरस, पण वर्षानुवर्षं बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन बसलेल्या उत्तर श्रीलंकेतल्या आयांच्या दृष्टीनं त्या परिच्छेदाला बाकीच्या सगळ्या ठरावापेक्षा जास्त किंमत होती.

छोट्या देशांच्या मिशनमध्ये, म्हणजे जिनिव्हातल्या राजनैतिक कार्यालयात, दोन-तीन माणसं असतात. त्यांनाच जागतिक आरोग्य संघटना, कामगार संघटना, व्यापार संघटना, सगळं बघायचं असतं. अशा माणसाला चाळीस पानी अहवाल देणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. त्याला एक पान हवं: परिस्थिती काय, मसुद्यातला कोणता परिच्छेद महत्त्वाचा, तुमच्या देशानं आधी यावर काय भूमिका घेतली होती. शेवटचा भाग लोक विसरतात. गेल्या वेळी तुम्ही असं बोलला होतात, हे सौम्यपणे दाखवून देणारं एक वाक्य बऱ्याचदा नैतिकतेच्या दहा वाक्यांवर भारी पडतं. आणि त्या पानावर एकही चुकीचा आकडा नको. सरकारी प्रतिनिधी भर बैठकीत तो आकडा खोडतो आणि मग वर्षभर त्या मिशनमध्ये तुमचा फोन कुणी उचलत नाही.

शिकायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे यूपीआर, सार्वत्रिक नियतकालिक आढावा. यात देशाच्या मानवाधिकार स्थितीवर बाकीचे देश शिफारशी करतात. दर साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते, त्यात कुणाला सूट नाही. साडेतीन तासांच्या चर्चेत शंभरावर देश बोलायला उभे राहिले की प्रत्येकाला जेमतेम मिनिटभर मिळतं, म्हणून शिफारस एका वाक्यात बसावी लागते. ‘महिलांची स्थिती सुधारा’ ही शिफारस स्वीकारायला कुठल्याही सरकारला जड जात नाही. ‘छळविरोधी करार मंजूर करा’ ही जाते. भारतानं त्या करारावर १९९७मध्ये सही केली, मंजुरी अजून नाही, आणि प्रत्येक आढाव्यात देशोदेशीचे प्रतिनिधी त्याची आठवण करून देतात. २०१७च्या फेरीत भारताला २५० शिफारशी आल्या आणि त्यांतल्या १५२ स्वीकारल्या गेल्या. कोणत्या स्वीकारल्या नाहीत ती यादी वाचणं जास्त बोधप्रद आहे. संस्थांची निवेदनं आढाव्याच्या कितीतरी महिने आधी द्यावी लागतात, शब्दमर्यादा कडक असते, आणि जिल्हा पातळीवरच्या संस्थासुद्धा ती देऊ शकतात. यासाठी इकोसॉक दर्जा लागत नाही. पुण्यात किंवा नागपुरात बसून या कामाची चव घ्यायची असेल तर असं एक निवेदन लिहायला मदत करा.

आता ठरावांपलीकडे. ठरावाला दात नसतात, दात असतात व्यापारात आणि पैशात. युरोपीय संघाची जीएसपी प्लस ही सवलत घ्या. मानवाधिकार, कामगार, पर्यावरण आणि सुशासन यांवरचे २७ आंतरराष्ट्रीय करार पाळा, मग तुमच्या मालाला युरोपात बरीच करमाफी, असा तो सौदा. तीन मानवाधिकार करार नीट पाळले जात नाहीत म्हणून श्रीलंकेची सवलत ऑगस्ट २०१०मध्ये काढली गेली. सरकार बदलल्यावर मे २०१७मध्ये परत मिळाली. २०२१मध्ये युरोपीय संसदेनं पुन्हा इशारा दिला, त्यात श्रीलंकेच्या १९७९च्या दहशतवादविरोधी कायद्याचा मुद्दा होता, आणि पुढच्या वर्षी कोलंबोनं त्या कायद्यात काही दुरुस्त्या केल्या. अपुऱ्या, असं तिथल्या वकिलांचं म्हणणं. पण हालचाल झाली ती तयार कपड्यांच्या निर्यातीपोटी. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: सवलत गेली की आधी नोकरी जाते ती शिलाई मशिनवर बसलेल्या मुलीची. जो हे हत्यार वापरा म्हणून सल्ला देतो, त्यानं एकदा तरी कापड कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून यावं.

व्यक्तींवरचे निर्बंध, म्हणजे अत्याचाराला जबाबदार असलेल्यांची मालमत्ता गोठवणं आणि त्यांना प्रवेशबंदी करणं, हा अलीकडचा मार्ग. अमेरिकेचा मॅग्निट्स्की कायदा २०१२चा, जगभर लागू होणारी त्याची आवृत्ती २०१६ची, युरोपची स्वतःची व्यवस्था डिसेंबर २०२०ची. यात कायदा शिकलेल्यांना बरंच काम आहे, कारण पुराव्याची फाइल व्यवस्थित लागते.

शिक्षणाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर माहिती भरपूर मिळते. एलएलएम असेल तर बरं, पण राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन आलेली, व्यापाराचे आकडे वाचता येणारी माणसं आम्हाला जास्त उपयोगी पडली. मानवाधिकार शिकवणाऱ्या संस्थांपैकी एसेक्स, जिनिव्हा अकॅडमी ही नावं तुम्हाला माहीत असतीलच. शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नका. कर्ज काढून मानवाधिकारांचं शिक्षण घेतलेला माणूस पहिल्या दोन वर्षांत बँकेत नोकरी धरतो, हे मी वारंवार पाहिलंय आणि त्याला नावं ठेवत नाही. संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते आणि जिनिव्हातलं भाडं डोळे पांढरे करतं. बरेच जण सीमेपलीकडे फ्रान्समधल्या फेर्ने-व्होल्तेरला खोली घेतात. तसं करण्याआधी तुमचा राहण्याचा परवाना कोणत्या देशाचा आहे ते बघा. फ्रेंच कामचलाऊ तरी हवी. त्याहून दुर्मीळ म्हणजे तमिळ, सिंहली, बर्मी किंवा नेपाळी येणारा भारतीय.

परराष्ट्र सेवेतून जायचं असेल तर यूपीएससी. तिथे एक गोष्ट स्वच्छ समजून घ्या: तुम्ही सरकारची बाजू मांडणार. मंत्रालयात संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक बाबींचा विभाग मानवाधिकार बघतो, पण तुम्ही तिथे कायमचे नसता, काही वर्षांत बदली होते. माझ्या ओळखीतल्या काही उत्तम वाटाघाटी करणाऱ्या व्यक्ती याच सेवेतल्या आहेत, आणि आम्ही एकमेकांविरुद्ध टेबलाच्या दोन बाजूंना बसलो तरी बाहेरच्या सर्पंट बारमध्ये कॉफी एकत्रच घ्यायचो. भारतातल्या संस्थेत काम करणार असाल तर परदेशी निधीवरचा एफसीआरए कायदा वाचा, विशेषतः २०२०ची दुरुस्ती. परदेशी निधी एका संस्थेनं दुसरीला देणं त्यानं बंद झालं, आणि गावपातळीवरच्या कितीतरी भागीदारी त्यामुळे मोडल्या.

पैशाचं चित्र सध्या वाईट आहे. अमेरिका फेब्रुवारी २०२५मध्ये परिषदेपासून दूर झाली, यूएसएड ही अमेरिकेची परदेशी मदत संस्था त्याच वर्षी जुलैपासून संपली, आणि त्या निधीवर चालणाऱ्या लोकशाही-समर्थनाच्या प्रकल्पांवर जगभर कुऱ्हाड आली. तीन महिन्यांची, सहा महिन्यांची कंत्राटं हेच आता सर्वसाधारण. ‘नोकरी पक्की आहे का?’ या घरच्या प्रश्नाला खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

नोकऱ्या वाढतायत त्या पुरवठा साखळीच्या तपासणीत, म्हणजे माल बनवताना कुठे मानवाधिकार तुडवले जातात का हे पाहण्यात. जर्मनीचा कायदा २०२३पासून लागू झाला, युरोपीय संघानं २०२४मध्ये स्वतःचा निर्देश आणला, जरी तो सौम्य करण्याची खटपट लगेच सुरू झाली. आपल्या ब्रँडच्या साखरेमागे, कापसामागे कोण राबतंय हे कंपन्यांना सांगावं लागतंय. इथे मराठवाड्यातल्या मुलामुलींकडे असं काही आहे जे परदेशी पदवीत मिळत नाही. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये पुढे आला आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) कशी देतो, कोयत्याचा हिशेब नवरा-बायकोच्या नावावर मिळून कसा धरतात, खाडा झाला तर दंड कोणाच्या अंगावर पडतो, हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे त्याच्यासमोर ब्रसेल्सहून प्रश्नावली घेऊन आलेला सल्लागार नवखाच असतो. तो तुम्हाला दुभाषा म्हणून रोजंदारीवर घेऊ पाहील. तुम्ही संशोधकाचा दर मागा, आणि अहवालावर नावही.